हरल्यानंतरचा तास

काही वर्षांपूर्वी एका तालुक्याच्या गावी शालेय वक्तृत्वस्पर्धेचा परीक्षक म्हणून जाण्याचा योग मला आला. सकाळी दहाला सुरू झालेली स्पर्धा दुपारी चारपर्यंत चालली, चाळीसएक मुलेमुली आपापली पाच मिनिटे बोलून गेली, आणि निकाल, पारितोषिकवितरण, पाहुण्यांचे भाषण, आभारप्रदर्शन असे सर्व विधी यथासांग उरकून संयोजक आम्हां परीक्षकांना चहासाठी मुख्याध्यापकांच्या खोलीकडे नेऊ लागले, तेव्हा व्हरांड्यात एका बाईंनी मला थांबवले. वाडीवरच्या एका शाळेतल्या त्या शिक्षिका होत्या. त्यांच्या मागे, सहभागाच्या प्रमाणपत्राची गुंडाळी दोन्ही हातांत घट्ट धरून, नववीतली एक मुलगी उभी होती. तिला मी लगेच ओळखले, कारण सुरुवात उत्तम करून तिसऱ्या मिनिटाला अचानक अडखळलेली, काही क्षण नुसती उभी राहिलेली आणि मग नमस्कार करून खाली उतरलेली त्या दिवसातली ती एकटीच होती.

बाई म्हणाल्या, “साहेब, नंबर नाही आला त्याचं काही नाही. पण हिचं नेमकं चुकलं कुठं, तेवढं सांगाल का? घरी जाईपर्यंत ही मला हेच विचारणार, आणि मला ते सांगता यायचं नाही.”

माझ्या हातात गुणपत्रक होते. विषयप्रतिपादन, भाषा, उच्चार, हावभाव असे त्यात चार रकाने होते, प्रत्येक रकान्यात मी प्रामाणिकपणे आकडे भरले होते, आणि त्या चार आकड्यांत बाईंच्या प्रश्नाचे उत्तर कोठेही नव्हते. सहा तास लक्षपूर्वक ऐकूनही, ती मुलगी का थांबली, याचा विचार मी केलेला नव्हता. ती थांबली एवढी नोंद करून मी पुढच्या नावाकडे वळलो होतो.

मी तिची वही मागून घेतली. भाषण कोणा मोठ्या माणसाने लिहून दिलेले होते, अक्षरही मोठ्या माणसाचे होते, आणि ज्या ठिकाणी ती थांबली त्या ठिकाणी सात ओळींचे एक सबंध वाक्य होते. ते मला वाचून दाखव, असे मी तिला सांगितले. तिने वाचायला घेतले, आणि चौथ्या ओळीच्या शेवटाला तिचा श्वास संपला. पाचव्या ओळीतला पहिला शब्द घशातच राहिला, तिने घाईने श्वास घेतला, आणि त्या घाईत पुढचा सगळा मजकूर तिच्या मनातून निसटला. पाठांतर कच्चे नव्हतेच. चाळिशीच्या माणसाच्या दमाला पुरेल असे वाक्य चौदा वर्षांच्या मुलीच्या तोंडी कोणीतरी घातले होते, आणि ते व्यासपीठावरून, भीतीने आधीच आखूड झालेल्या श्वासात बोलताना तुटले होते. मी पेन्सिलीने त्या वाक्याचे चार तुकडे केले, जिथे श्वास घ्यायचा तिथे उभ्या रेघा मारल्या, आणि व्हरांड्याच्या कट्ट्यावर बसून तिने ते तीनदा म्हटले. तिसऱ्या वेळी तिने वहीकडे पाहिले नाही.

“म्हणजे पाठांतर कच्चं नव्हतं?” बाईंनी विचारले. नव्हते, असे मी सांगितले. त्या मुलीच्या मुद्रेवर त्या वेळी जे उमटले त्याला आनंद म्हणता येणार नाही. अंगावर लादलेला एखादा खोटा आरोप सरकारी दप्तरातून रीतसर खोडला गेल्यावर माणसाला जे वाटत असेल, त्या जातीचे ते काहीतरी होते. त्यांची एस.टी. साडेपाचची होती. त्या दोघी निघून गेल्या, आणि आपल्या राज्यात प्रतिवर्षी भरणाऱ्या असंख्य स्पर्धांचा आपण नेमका काय उपयोग करतो, हा प्रश्न माझ्यामागे लागला तो तेव्हापासून.

आत्मविश्वास हा शब्द अलीकडे फार सैलपणे वापरला जातो. जणू काही ते एक द्रव्य आहे आणि कोणी वक्ता येऊन ते ओजस्वी शब्दांत मुलांच्या ठायी ओतू शकतो, अशा समजुतीने शाळाशाळांतून व्याख्याने होतात, “तुला जमेल, तू करू शकशील” असे मुलांना शंभरदा सांगितले जाते, आणि मुले टाळ्या वाजवून घरी जातात. त्या वक्त्यांच्या हेतूविषयी मला शंका नाही. परंतु मुलाला आपल्या दोषाची जी धास्ती असते ती मुख्यतः त्या दोषाच्या अनिश्चिततेची असते. आपल्यात काहीतरी उणे आहे, ते काय आहे हे ठाऊक नाही, आणि म्हणून ते सर्वत्रच आहे, असे त्याला वाटत राहते. जाणता माणूस त्या दोषावर बोट ठेवून “उणे आहे ते एवढेच, येथेच, आणि ते असे दुरुस्त होते” असे दाखवून देतो, त्या क्षणी बाकीचा सगळा मुलूख मुलाच्या ताब्यात येतो. माझ्या मते आत्मविश्वासाचा उगम तो आहे. त्यासाठी दोन गोष्टी लागतात: दोष उघडा पाडणारी स्पर्धा, आणि तो वाचू शकणारा माणूस. पहिलीची आपण रेलचेल केली आहे. दुसऱ्याची तजवीज करायला विसरलो आहोत.

हे ज्ञान आपल्याकडे नवे आहे असे मात्र नाही. पश्चिम महाराष्ट्रातल्या जत्रांमधले कुस्त्यांचे फड ज्यांनी पाहिले आहेत त्यांना आठवेल की, हलगी कडाडू लागली की प्रथम मैदानात उतरतात ती लंगोट बांधलेली सहा-सात वर्षांची पोरे, आणि त्यांच्या कुस्त्या लागतात त्या रेवड्यांवर. मग नारळावरच्या, मग थोड्या रुपयांच्या, आणि अशा चढत्या क्रमाने ऊन कलता कलता शेवटची मोठी इनामाची कुस्ती होते. या क्रमामागे पिढ्यान्‌पिढ्यांचा विचार आहे. पण त्याहूनही मोठा विचार आहे तो जोड लावण्यात. कोणत्या पोराला कोणाशी भिडवायचे याचा निर्णय वस्ताद करतो. आणि चांगला वस्ताद आपल्या पठ्ठ्याला हमखास जिंकेल अशी जोड देत नाही, तसाच हाडे मोडून येईल अशा गड्याच्याही तोंडी देत नाही. थोडा वरचढ, थोडा अनोळखी, ज्याच्याकडे एखादा डाव असा आहे की जो आपल्या तालमीतल्या पोराने पाहिलेला नाही, असा प्रतिस्पर्धी तो हुडकून काढतो. पोरगे चितपट होते, पाठीची माती न झटकता वस्तादाकडे येते, आणि दुसऱ्या दिवशी पहाटे, जोर-बैठका संपल्यावर, तालमीच्या हौद्यात त्याच डावाची तोड शिकवण्याचे काम सुरू होते. हरण्याचा दिवस आणि शिकण्याचा दिवस यांच्यामध्ये एका रात्रीचेच अंतर पडते. आमच्या शालेय स्पर्धांत ते अंतर एका वर्षाचे असते, आणि बहुतेक मुलांच्या बाबतीत ते कधीच ओलांडले जात नाही.

या परंपरेतून वर आलेल्या एका माणसाचे चरित्र मला या संदर्भात वारंवार आठवते. कराडजवळच्या गोळेश्वर गावी १९२६ साली जन्मलेल्या खाशाबा जाधवांची उंची पाच फूट पाच इंच. कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयात असताना वार्षिक क्रीडास्पर्धेत नाव घालायला ते गेले, तेव्हा त्यांच्या या चणीकडे पाहून क्रीडाशिक्षकांनी त्यांना परत पाठवले, ते थेट प्राचार्यांकडे गेले, प्राचार्यांनी परवानगी दिली आणि मग एकामागून एक कुस्त्या त्यांनी मारल्या, अशी हकीकत सांगतात. १९४८ साली कोल्हापूरच्या महाराजांनी खर्चाची व्यवस्था केली आणि खाशाबा लंडनच्या ऑलिंपिकला गेले. तेथे त्यांच्यापुढे जे वाढून ठेवले होते ते प्रतिस्पर्ध्यांपेक्षाही कठीण होते. आयुष्यभर लाल मातीत खेळलेल्या या गड्याच्या पायाखाली प्रथमच गादी आली. मातीत जिथे पाय रुततो तिथे तो सरकू लागला. आणि गुणांवर चालणारे आंतरराष्ट्रीय नियमही नवे होते. अमेरिकेचे माजी मल्ल रीस गार्डनर यांनी त्यांना तेथे शिकवले, आणि फ्लायवेट गटात खाशाबांना सहावा क्रमांक मिळाला.

सहाव्या क्रमांकाचे पदक नसते. पण खाशाबा लंडनहून परतले ते आपल्याला काय येत नाही याची नेमकी माहिती घेऊन. तालमीतल्या घामाने ती मिळाली नसती, आणि नुसत्या पराभवानेही मिळाली नसती. पराभवाच्या जागी कोणी जाणता उभा होता म्हणून ती मिळाली. पुढली चार वर्षे त्यांनी त्या माहितीवर खर्च केली. १९५२ साली हेलसिंकीला जायचे ठरले तेव्हा पैशाचा प्रश्न उभा राहिला. खाशाबा वर्गणीसाठी दारोदार फिरले, लोकांनी यथाशक्ति हातभार लावला, आणि राजाराम महाविद्यालयाचे प्राचार्य खर्डेकर यांनी आपले राहते घर गहाण ठेवून सात हजार रुपये उभे करून दिले. १९५२ सालच्या सात हजार रुपयांचे मोल आजच्या वाचकाने आपल्या मनाशी करून पाहावे. ज्याचे पदक निश्चित नाही, ज्याच्यापासून कसल्याही परताव्याची अपेक्षा नाही, अशा एका विद्यार्थ्यासाठी एक शिक्षक आपल्या घराचा दस्तऐवज दुसऱ्याच्या हाती देतो, तेव्हा तो त्या विद्यार्थ्याला जे सांगतो ते कोणत्याही व्याख्यानात सांगता येण्याजोगे नाही.

हेलसिंकीत बँटमवेट गटात खाशाबांनी कॅनडा आणि मेक्सिको यांच्या मल्लांना हरवले, जपानच्या शोहाची इशी यांच्याशी त्यांची लढत दीर्घकाळ चालून ते गुणांवर हरले, आणि त्यानंतर पुरेशी विश्रांती न मिळता त्यांना सोव्हिएत मल्ल मामेदबेकॉवशी लढावे लागले. दोन लढतींत विश्रांतीचा नियम होता. तो त्यांच्या वतीने अधिकाऱ्यांपुढे मांडायला आपल्या पथकाचा कोणी इसम तेथे हजर नव्हता, असे या प्रसंगाविषयी नेहमी सांगितले जाते. कांस्यपदक घेऊन ते परतले. स्वतंत्र भारताचे ते पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक होते आणि दुसऱ्यासाठी देशाला १९९६ पर्यंत, लिअँडर पेसच्या अटलांटातील कांस्यपदकापर्यंत, थांबावे लागले. खाशाबांच्या त्या एका दुपारी त्यांच्याजवळ कोणी नव्हते, ही गोष्ट मला त्यांच्या पदकाइतकीच महत्त्वाची वाटते. खेळाडूची तयारी किती पूर्ण असावी आणि तरीही एका जाणत्या माणसाच्या अनुपस्थितीने काय हिरावले जाऊ शकते, याचा तो पुरावा आहे.

महाराष्ट्राला दुसरे वैयक्तिक ऑलिंपिक पदक मिळायला ७२ वर्षे लागली, आणि ते कोल्हापूर जिल्ह्यातून आले. राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीचा स्वप्नील कुसाळे राज्य शासनाच्या क्रीडा प्रबोधिनीत २००९ साली दाखल झाला आणि तेथे नेमबाजीकडे वळला. त्याचा प्रकार ५० मीटर रायफलचा, तीन स्थितींचा: गुडघ्यावर बसून, पालथे पडून आणि उभे राहून. उभ्या स्थितीत रायफलीचे सगळे ओझे शरीराच्या तोलावर येते, हृदयाचा ठोकासुद्धा नळीच्या टोकाशी जाणवतो, आणि दोन श्वासांमधल्या स्तब्धतेत चाप ओढावा लागतो. २०२२ साली कैरोच्या जागतिक स्पर्धेत तो चौथा आला. २०२३ साली हांगझोच्या आशियाई स्पर्धेच्या अंतिम फेरीत सुवर्णाच्या वाटेवर पुढे असताना उभ्या स्थितीत त्याची एक गोळी ७.६ वर गेली आणि तो पुन्हा चौथा राहिला. ज्या फेरीत प्रत्येक गोळी दहाच्या पलीकडे जावी लागते तीत ७.६ म्हणजे काय, हे त्या खेळातल्या माणसाला समजावून सांगावे लागत नाही.

या सर्व वर्षांत त्याच्या पाठीशी प्रशिक्षक दीपाली देशपांडे होत्या. २००४च्या अथेन्स ऑलिंपिकमध्ये त्या स्वतः खेळलेल्या. अंजली भागवत आणि सुमा शिरूर यांच्याप्रमाणे त्याही मुंबईत संजय चक्रवर्ती यांच्या हाताखाली घडलेल्या. त्या आपल्याला दुसऱ्या आईच्या ठिकाणी आहेत, असे स्वप्नीलने जाहीरपणे सांगितले आहे. गुरुपरंपरा हा शब्द आपण संगीताच्या संदर्भात सहज उच्चारतो. रायफलीलाही ती असते, आणि कांबळवाडीच्या मुलापर्यंत ती अशी चालत आली. हांगझोनंतर दहा महिन्यांनी, १ ऑगस्ट २०२४ रोजी, पॅरिस ऑलिंपिकच्या अंतिम फेरीत गुडघ्यावरची स्थिती संपली तेव्हा स्वप्नील सहावा होता, पालथी स्थिती संपली तेव्हा पाचवा होता, आणि ज्या उभ्या स्थितीने त्याला हांगझोत हरवले होते तिच्यातच वर चढून त्याने ४५१.४ गुणांनी कांस्यपदक मिळवले. त्या दहा महिन्यांत त्या दोघांत काय बोलणे झाले असेल ते त्यांचे त्यांना ठाऊक. पण चौथ्या क्रमांकानंतर त्याच्याजवळ कोणी उरले नसते तर ती ७.६ची गोळी त्याच्या मनात किती वर्षे घुमत राहिली असती, याची कल्पना मी करू शकतो.

येथे एक आक्षेप येतो आणि तो आदराने ऐकण्याजोगा आहे. स्पर्धांमुळे मुले कोमेजतात, एकाला जिंकवण्यासाठी चाळिसांना हरवले जाते, म्हणून लहान वयात स्पर्धाच नकोत, असे म्हणणारे शिक्षणतज्ज्ञ आहेत, आणि आज ज्या रीतीने आपण स्पर्धा भरवतो ती पाहता त्यांचे निरीक्षण चुकीचे आहे असे मला म्हणवत नाही. त्यांचा उपाय मात्र मला पटत नाही. घरच्या अंगणात प्रत्येक वाक्य नीट येते. अनोळखी सभागृह, अनोळखी प्रतिस्पर्धी, घंटा वाजवणारा अनोळखी हात, यांच्यासमोर उभे राहिल्याखेरीज सात ओळींच्या वाक्यात श्वास कुठे संपतो हे त्या मुलीला कळले नसते, आणि लंडनला गेल्याखेरीज गादीवर पाय कसा सरकतो हे खाशाबांना कळले नसते. मुले कोमेजतात ती हरल्यामुळे, असे मला वाटत नाही. हरल्यावर त्यांना एकटे टाकून सगळे जण निघून जातात, म्हणून ती कोमेजतात.

आणि हे एकटेपण सर्वांच्या वाट्याला सारखे येत नाही. पुण्या-मुंबईच्या मुलाला शिकवणी असते, शिबिर असते, घरी भाषण ऐकून दुरुस्त करणारे आई-वडील असतात, आजोबा असतात. तो हरला तरी त्याच रात्री जेवताना त्याच्या पराभवाची मीमांसा होते. वाडीवरच्या मुलीला वर्षभरात त्या विषयातला जाणता माणूस भेटण्याची एकच वेळ येते, ती म्हणजे स्पर्धेचा दिवस, आणि तो माणूस म्हणजे टेबलामागे बसलेला परीक्षक. त्या माणसाला आपण काय काम देतो? चार रकाने भरण्याचे, आणि मग शाल, श्रीफळ, स्मृतिचिन्ह स्वीकारून मोटारीत बसण्याचे. ती मुलगी त्याच्यापासून पंधरा फुटांवर उभी असते आणि तिची त्याची गाठ पडत नाही. तिच्या बाईंनी धीर करून मला थांबवले म्हणून मला हे कळले. त्या दिवशी त्याच आवारात न विचारता परत गेलेले आणखी किती जण होते, ते मी मोजले नाही, आणि त्याची रुखरुख मला आजही आहे.

पुढच्या वर्षी त्याच स्पर्धेला मी पुन्हा गेलो. ती मुलगी आली होती. भाषण या वेळी तिचे स्वतःचे होते, वाक्ये आखूड होती, पाचही मिनिटे ती शेवटच्या बाकाकडे पाहून बोलली आणि घंटेआधी संपवून खाली आली. तिला क्रमांक मिळाला नाही, कारण तिच्याहून चांगले बोलणारी तिघे होती आणि तो निकाल न्याय्य होता. समारंभ संपल्यावर व्हरांड्यात ती मला भेटली ती बाईंच्या पुढे चालत. तिच्या हातात वही होती, तिने ती माझ्यापुढे उघडून धरली, आणि स्वतःच्या दप्तरातून पेन्सिल काढून माझ्या हाती दिली.

डिसेंबर-जानेवारीचे दिवस जवळ येत आहेत. गावोगावी स्नेहसंमेलने भरतील, वक्तृत्व, निबंध, चित्रकला, गायन, एकांकिका, मैदानी खेळ अशा स्पर्धांच्या पत्रिका छापायला जातील. संस्थांच्या चालकांना आणि मुख्याध्यापकांना माझी एवढीच विनंती आहे की, गुणपत्रकात पाचवा रकाना घालावा, त्याला ‘शेरा’ म्हणावे, आणि प्रत्येक स्पर्धकाविषयी त्यात एक ओळ लिहिण्याचे बंधन परीक्षकांवर घालावे: दोष कोणता, आणि तो कसा जाईल. ती ओळ प्रमाणपत्राबरोबर मुलाच्या हाती द्यावी. परीक्षकांना निमंत्रण देतानाच, निकालानंतर एक तास मुलांसाठी राखून ठेवावा लागेल, असे पत्रात लिहावे, आणि तो तास पाहुण्यांच्या भाषणातून काढावा. लांबून आलेल्या मुलांच्या शेवटच्या एस.टी.ची वेळ आधी विचारून घ्यावी, आणि त्यांना सर्वांत प्रथम बोलवावे.